मूठभर डाळीचं शिक्षण

मावशी, परवा अमरावतीच्या मिलमध्ये बैठक होती. नोकरीवरच्या माणसांना आजकाल कसं शिकवतात ते सांगायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, आता आठ-आठ दिवसांची प्रशिक्षणं कुणी घेत नाही. रोज थोडं शिकवायचं, कामाच्या जागीच शिकवायचं, आणि सोबत काम करणाऱ्यानेच शिकवायचं. हे सगळं नवं आहे असं ते दोनदा म्हणाले. मी वहीत लिहून घेत होते, आणि लिहिता लिहिता तू आठवलीस. अकोल्याच्या एमआयडीसीतला तो निवडणीचा हॉल, खाली पोती अंथरून बसलेल्या आपण बावीस बायका, आणि सुपातली तूरडाळ हातानं पसरून पाहणारी तू. तुला जाऊन तेरा वर्षं झाली. आता तीन मिलमधल्या लोकांना काम शिकवण्याची जबाबदारी माझ्यावर आहे, हे तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी आले तेव्हा लग्नाला सहा महिने झाले होते. माहेर मोर्शीकडचं, तिथं संत्री निवडलेली, त्यामुळे डाळ निवडणं म्हणजे काय मोठं, असं मला वाटायचं. पहिल्याच दिवशी तू माझं सूप उचललंस, त्यातून एका हातानं सात काळे दाणे आणि एक खडा काढून माझ्या पुढ्यात ठेवलेस आणि पुढच्या बाईकडे गेलीस. दुसऱ्या दिवशी उजेडाकडे पाठ करून बसायला सांगितलंस. तिसऱ्या दिवशी डाळीचा एक दाणा दाताखाली धरायला लावलास. कट् वाजला तर डाळ वाळलेली, नाहीतर ओल आहे. मी एकदम चार प्रश्न विचारले, तर म्हणालीस, "आज एवढंच. बाकीचं उद्या इचार." मला राग आला होता. पण आठवड्याभरानं मी बाकीच्या बायकांच्या बरोबरीनं निवडत होते.

तीन वर्षांनी मालकानं रंग ओळखून दाणे वेगळे करणारं मशीन आणायचं ठरवलं. बावीस बायकांचं काम ते एकटं करणार होतं. सहा जणी पॅकिंगला राहतील, बाकीच्यांनी दुसरीकडे बघावं, असं मुनीमजींनी येऊन सांगितलं आणि हॉलमध्ये कुणाचा हात हलेना. मशीन चालवायला थोडं शिकलेलं एक माणूस हवं होतं. तुझी सून आपल्यातच बसायची, ती दहावी झालेली होती. तू तिचं नाव देशील असंच सगळ्यांनी धरलं होतं. तू मालकाच्या केबिनमध्ये गेलीस आणि माझं नाव देऊन आलीस.

मशीन बसवणारा इंजिनीअर तीन दिवस शिकवणार होता. पहिल्या दिवशी मी गेलेच नाही. ज्यांच्या शेजारी बसून तीन वर्षं डबा खाल्ला, त्यांच्या जागेवर उभं राहायचं कसं, हे मला कळत नव्हतं. दुपारी तू माझ्या खोलीवर आलीस. मी गॅसजवळ भाजी परतते आहे, तू दारातच उभी आहेस, चप्पलसुद्धा काढलेली नाही. मी म्हटलं, माझ्यानं नाही होणार, सुनेला सांग. तू आत येऊन गॅस बंद केलास.

"तू नाई गेली त मशीन वापस जाते काय?" तू म्हणालीस. "बाहेरचा कोनी येईन अन् थो शिकन. माही सून दोन दिवसांत कंटाळते, मले मालूम हाय. तू चिडते, पन सोडत नाई. तोंड धू अन् चाल."

मी तोंड धुतलं आणि तुझ्यामागून निघाले. भाजी अर्धी कच्ची राहिली होती, ती संध्याकाळी नवऱ्यानं मुकाट्यानं खाल्ली.

पुढचे दोन दिवस तू रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन माझ्यामागे उभी राहायचीस. इंजिनीअर हुशार होता, भला होता. काच कशी पुसायची, हवेचा दाब किती ठेवायचा, सगळं त्यानं नीट सांगितलं. तिसऱ्या दिवशी मात्र मशीन चांगली डाळसुद्धा खराब म्हणून बाहेर फेकायला लागलं. त्यानं आकडे बदलले, कॅमेरा तपासला, कंपनीत फोन लावला. तू पुढे झालीस, फेकलेल्या डाळीतली मूठभर उचललीस, एक दाणा दाताखाली धरलास आणि म्हणालीस, "यात ओल हाय. ओली डाळ काळसर दिसते, मशीनले काय समजते? वाळवून आना." पोती अंगणात पसरली, इंजिनीअर एक दिवस जास्त थांबला, दुसऱ्या दिवशी तोच माल पुन्हा सोडला आणि डाळ नीट उतरली. इंजिनीअरनं तुला वाकून नमस्कार केला. जाताना त्यानं त्याच्या कंपनीच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र दिलं, ते माझ्या नावाचं. तू ते हातात धरून बराच वेळ पाहिलंस आणि जपून ठेवायला सांगितलंस.

पंधरा जणी गेल्या, हे काही मी विसरलेले नाही. तुझी सूनही त्यांच्यातच होती. त्यातल्या पाच जणींना तू दुसऱ्या मिलमध्ये स्वतः नेऊन लावलंस. सुनेनं पुढे भाजीचं दुकान टाकलं, आणि बाजारात भेटली की ती मला पिशवीत मूठभर कोथिंबीर जास्तीची टाकते. त्या घरात माझ्याबद्दल कधी वाकडं बोललं गेलं नसणार, हे मला त्या कोथिंबिरीवरून कळतं.

आता आमच्याकडे सगळं शिकणं मोबाइलवर आलं आहे. मालकाच्या मुलानं एक अॅप घेतलं. तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ, त्याखाली प्रश्न, सगळी उत्तरं बरोबर आली की फोनवर प्रमाणपत्र. कोण किती शिकलं ते मला खुर्चीत बसून दिसतं. गेल्या हंगामात अमरावतीच्या मिलमधली एक चाळिशीतली बाई सगळ्या धड्यांत पैकीच्या पैकी गुण घेऊन पहिली आली. तिला मशीनवर उभं केलं आणि अर्धी पाळी चांगली डाळ खराब मालात जात राहिली. तिनं कुणाला हाक मारली नाही. मी पोचले तेव्हा ती पोत्यांच्या आड जाऊन बसली होती. सगळ्यांसमोर बोलावं असा राग मला आला होता, पण मी खाली तिच्याजवळ बसले. मी विचारलं, कळलं नव्हतं तर सांगितलं का नाही?

ती म्हणाली, "मॅडम, बटनं माह्या पोरीनं दाबली. मले त्यातली भाषाच समजत नाई. इचारलं असतं त काढून टाकलं असतं तुमी."

तू माझ्या दारात आली होतीस, तसं मी हिच्याकडे कधी गेले नव्हते. मी फक्त गुण पाहत होते. त्या दिवशी तिच्या हातावर मी मूठभर डाळ ठेवली आणि एक दाणा दाताखाली धरायला सांगितला. दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट. महिनाभरात ती मशीनचा आवाज ऐकून हवेचा दाब कमी झाल्याचं सांगायला लागली. मग मी मालकाच्या मुलाला म्हटलं की अॅप राहू द्या, पण सकाळचा अर्धा तास मला मशीनजवळ द्या. काम येणाऱ्यानं ते न येणाऱ्याला शिकवायचं, आणि जिला शिकवलं तिनं करून दाखवलं तरच धडा पूर्ण झाला असं मांडायचं. हे पडद्यावर कसं दिसणार, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, खराब मालाच्या पोत्यात दिसेल. तो तयार झाला. आता व्हिडिओसुद्धा त्या बाईच्याच आवाजात आहेत, आपल्या वऱ्हाडीत. व्हिडिओ बनवणाऱ्यांना ती भाषा जरा उद्धट वाटली. मालकाचा मुलगा हसला आणि म्हणाला, माझी आजी अशीच बोलते, राहू द्या.

बैठकीत त्या गृहस्थांनी हे सगळं ऐकलं आणि मला विचारलं की ही पद्धत तुम्ही कुठं शिकलात. मी तुझ्याबद्दल सांगितलं. त्यांनी तू काय शिकलेली होतीस ते विचारलं, आणि मला पटकन बोलता आलं नाही.

कारण तू एकदा मला विचारलं होतंस, मावशी. मशीन आल्यावरच्या वर्षी, चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता. "मले बी अक्षरं दाखवशीन काय? निदान सहीपुरती." मी म्हटलं, दिवाळीनंतर बसू. दिवाळीनंतर तू पुन्हा विचारलं नाहीस. मी विसरले असेन, असं तू मनाशी धरून मला माफही केलं असशील. पण मी विसरले नव्हते. त्या हॉलमध्ये वाचता येणारी, तुला कागद वाचून दाखवणारी मी होते, आणि ते मला आवडत होतं.