आई, कापू दे ना

लाडके शोभे,

काल बाळ बघायला सगळ्यात आधी कोण आलं असेल? तुझी सासू! लासूर स्टेशनहून पहिल्या गाडीनं थेट आपल्या छावणीतल्या घरी. सोबत झबलं आणलं, पण त्यात दोन बाळं मावतील! तू गेल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदाच आपली पायरी चढल्या. त्यांचं एक बोलणं सलतंय, म्हणून लिहायला बसले गं.

आधी गोड सांगते. आपल्या मनीला पोरगी झाली! तुझी धाकटी बहीण आई झाली, शोभे! पोरगी नुसती जांभई देते अन् अख्खं घर गोळा होतं.

बाळंतपण नॉर्मल झालं. मी मात्र डॉक्टरीणबाईंच्या मागं लागले होते, "कापा, आताच कापा."

त्या म्हणाल्या, "मावशी, सिझर म्हणजे पोट उघडणं. रक्त जातं, टाके पिकतात, पुढच्या खेपेलाही जपावं लागतं. गरज पडली तर मी थांबणार नाही. आत्ता बाळाचे ठोके छान आहेत."

मी ऐकते व्हय! शेवटी मनीच बोलली, "आई, ताईच्या वेळी डॉक्टर कापू म्हणत होते, तू नको म्हणलीस. आता या डॉक्टरीणबाई नको म्हणतात, तर तू कापा म्हणतीस. तू बाहेर बस."

नर्सनं दार लावलं. लई लागलं गं. पण खोटं कुठं होतं?

तुझ्या बाळाचे ठोके उतरत होते. डॉक्टर सही मागत होते. तू माझा पदर ओढलास, "आई, कापू दे ना." अन् मी? "तुम्हा दोघींना मी घरातच जन्म दिला. जरा कळ सोस!" विहीणबाईंनी मान डोलावली. कापलं तेव्हा उशीर झाला होता. दुपारपर्यंत तू नव्हतीस, बाळही नव्हतं.

तू तरी ओरडायचं होतंस की! सगळा जन्म आईचं ऐकलंस, त्या दिवशी कशाला ऐकलंस?

काल विहीणबाई बशीतला चहा संपवून म्हणाल्या, "बघा, हिचं कसं सुखरूप झालं. आमच्या शोभाला धीरच नव्हता."

अन् मी काय केलं असेल? त्यांना आणखी चहा ओतला! मनीनं बाजेवरच माझ्याकडं पाठ फिरवली.

शोभे, बारशाला सगळ्या बायका जमल्या की मी बोलणार. शोभाला धीर होता. तिनं कापा म्हणलं, मी अडवलं, या विहीणबाईंनी मान डोलावली. त्यांच्या तोंडावर बोलणार. गप बसणार नाय.

विहीणबाई रविवारी बारशाला येते म्हणून गेल्यात.

तुझी,
आई