म्हाळाच्या ताटातलं मीठ

राहू,
२९ ऑगस्ट १९९८

ती. सौ. सोजरवन्संना बयाबाईचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. वाचनालयातून जुन्या चिनी पंडितांवरचं पुस्तक आणलं आहे. हसू नका. त्यातला एक जण जन्मभर थोरांच्या पोथ्यांतल्या आणि लोकांच्या रीतींतल्या चुका शोधत बसला. मूळ धुंडायचा आणि म्हणायचा, ही रीत नव्हे, कुणाची तरी चूक पुढं चालली आहे.

तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. आपल्याकडे पितरांना म्हाळाचं ताट अळणी वाढतात. सासूबाईंनी शिकवलं, मी विचारलं नाही. शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, असं दुसऱ्या कुठल्या घरात नाही. तुमच्या भावाला तर भाकरीशेजारी मिठाचा खडा लागायचा. ते गेल्यापासून मी त्यांना अळणीच वाढते आहे. चुकते आहे का? तुम्ही थोरल्या, तुम्हाला मूळ ठाऊक असेल. म्हाळ तोंडावर आला. लोभ आहेच, तो उत्तरातून कळू द्या.

तुमची बयाबाई

कोरेगाव भीमा,
४ सप्टेंबर १९९८

चि. बयास अनेक आशीर्वाद.

तुझा चिनी म्हातारा आता आपल्या चुलीपाशी येऊन बसला म्हण की! आमचे हे म्हणाले, आलाच हाय तर जेवू घालूनच पाठव त्याला.

खरं सांगते. शेवटच्या दुखण्यात तुझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या अंगावर सूज होती, डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं. त्यांच्या पहिल्या म्हाळाला आई म्हणाली, मीठ बाधेल त्यांना. एवढंच मूळ. पुढं तीच रीत झाली. चूक म्हणावी, तर आईची माया चूक कशी? आन् रीत म्हणावी, तर माझ्या भावानं, मल्हारीनं काय घोडं मारलं होतं? मलाच उमजंना. तूच ठरव. माया पातळ करू नको.

सोजर

राहू,
१८ सप्टेंबर १९९८

ती. सौ. सोजरवन्संना शि. सा. न.

तुमच्या पत्रानं गोंधळ वाढलाच. मीठ घालावं तर सासूबाई डोळ्यांपुढं, न घालावं तर हे. पुस्तक पुन्हा उघडलं. ते पंडित चुकलेली ओळ खोडत नसत. ती तशीच ठेवून शेजारी बारीक अक्षरात आपलं म्हणणं लिहीत.

काल म्हाळ घातला. सगळं अळणीच रांधलं, आबांसाठी. आणि पानाच्या कडेला, भाकरीशेजारी, मिठाचा एक खडा ठेवला.

बरोबर झालं का, अजून कळत नाही. पण ते गेल्यानंतर काल पहिल्यांदा वाटलं, मी वाढलेलं त्यांच्या तोंडी लागलं असेल.

माझ्यावरचा लोभ मात्र अळणी होऊ देऊ नका.

बयाबाई