कासवाचा पॉइंट आणि इस्त्रीचा पॉइंट

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा वायरमन (आता निवृत्त, तरी कोणाच्याही घरात शिरताना आधी मीटरकडे बघतो), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. राहते घर मुलगा आणि सून, दोघांना समसमान. आधी सुनेचे नाव नव्हते. कारण इस्त्री. घरातल्या पाळीव कासवाच्या काचपेटीच्या बोर्डावर ती इस्त्री लावायची आणि कासवाचा दिवा मंद व्हायचा, म्हणून एकदा पाहुण्यांदेखत मी इस्त्रीचा प्लग उपटला. त्यानंतर चार वर्षे ती माझ्याशी कामापुरतेच बोलली.

२. कासव माझ्या दिवंगत पत्नीचे. ते अजून पन्नास वर्षे सहज जगेल, मी नाही. मुलगा म्हणायचा, "देऊन टाकू कुणाला तरी." या काळजीने मला अन्न गोड लागत नव्हते.

३. कबुली. पेटीचा लोड असा: शेकाचा दिवा शंभर वॅट, उन्हाची ट्यूब पंचवीस, तापणारी चटई चाळीस. एकूण एकशे पासष्ट. सहा अँपियरच्या बोर्डाला हे काहीच नाही. पण गेल्या महिन्यात एका गार सकाळी कासव मान बाहेर काढेना. माझ्या तोंडचे पाणी पळाले. मी खोलीचा दोन हजार वॅटचा हीटर आणला. त्याची जाड पिन बसेना, तर कन्व्हर्टर लावून त्याच बोर्डात खुपसली. याच कन्व्हर्टरवरून मी चाळीस वर्षे गिऱ्हाइकांना फैलावर घेतले आहे. वर तिथेच आरामखुर्चीत डोळा लागला.

वास सुनेला आला. तिने धावत जाऊन मेन स्विच पाडला. बोर्ड वितळून भिंत काळी झाली होती. ती एवढेच म्हणाली, "बाबा, आज इस्त्री नव्हती हं." मग कासवाने मान बाहेर काढली आणि आम्हा दोघांचाही जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी आम्ही एकत्र हसलो.

४. कासव सुनेला. मी विचारले तेव्हा म्हणाली, "सांभाळीन. पण आधी इस्त्रीला वेगळा पॉइंट." तो मी स्वतः काढून दिला, सोळा अँपियरचा, थेट मीटरपासून नवी वायर ओढून. पेटीलाही वेगळी लाइन, अर्थिंग आणि विजेची गळती पकडणारा स्विच दिला आहे. पेटीच्या वायरींना खाली झोळ ठेवावा, म्हणजे पाण्याचा थेंब पॉइंटात न शिरता जमिनीवर पडेल. थर्मोस्टॅट काढू नये. कासव गार वाटले तर डॉक्टरला फोन करावा, हीटरला हात लावू नये.

५. टेस्टर, पकडी, ड्रिल मशीन नातीला. धाकट्या भावाला फक्त चिकटपट्टीची रिळे. त्याने आयुष्यभर उघडे जोड सोडले, मी मागून जाऊन झाकले. आता स्वतः झाकावेत.

६. माझ्या खोलीतला हीटर भंगारात द्यावा.

मनावरचे ओझे उतरले आहे. हे लिहीत असताना सून पलीकडे इस्त्री करते आहे आणि कासवाचा दिवा जरासुद्धा मंद झालेला नाही.

सही: वायरमन
साक्षीदार: १. समोरचे शिंपीकाका २. कासवाच्या डॉक्टरीणबाई
स्थळ: राहते घर, मीटरच्या पेटीखाली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४