प्रत्येक पॅकेट मी जातीने तपासणार

सोमवार, १३ मार्च २००६. बिश्केक
सोनुन-एजे, म्हणजे आमच्या सोनुनताई, नवरोजनंतर नोकरी सोडताहेत. ओशला लेकीकडे जायचं तिकीटही काढून झालं. तीन महिन्यांचा नातू आहे, अजून त्याचं तोंड पाहिलेलं नाही. थोडक्यात, चीफ इंजिनियरची खुर्ची रिकामी! आमच्या इंटरनेट कंपनीत इंजिनियर दोनच, एक त्या, एक मी. तरी मालक सिर्गाक-बाइके म्हणाले, "बघू, एमिल." बघू कसलं?
संकल्प: शुक्रवारच्या आत असं काही करून दाखवायचं की 'बघू' म्हणायची सोयच उरू नये.

मंगळवार, १४ मार्च
सापडलं!! डोंगरापलीकडच्या नारीन गावातल्या आमच्या राउटरला दोन लाइनी. एक तुडुंब, दुसरी लोळत पडलेली. कारण एजेंची आळशी पद्धत. एखाद्या पत्त्यावर जाणाऱ्या पहिल्याच पॅकेटचा, म्हणजे डेटाच्या तुकड्याचा, रस्ता प्रोसेसर शोधतो आणि मेमरीत टिपून ठेवतो. बाकीची पॅकेटं डोळे मिटून त्याच्या मागे. मी प्रत्येक पॅकेटची चौकशी लावणार. एक या लाइनीवर, एक त्या. वाटणी चोख.
एजेंना सांगितलं. त्या विणकाम न थांबवता म्हणाल्या, "अरे, लग्नाला हजार पाहुणे आले, तर प्रत्येकाला दारात अडवून 'कुणाकडचे' विचारणार का तू? जेवण निवेल की." वर म्हणे, नव्या राउटरमध्ये सगळे रस्ते आधीच मांडलेले असतात, कुणालाच थांबावं लागत नाही, पण त्याला मेमरी फार लागते आणि बाइकेंचा हात खर्चाला काही सुटत नाही.
जुनी पिढी. वेगापायी शिस्त गेली.

बुधवार, १५ मार्च. सकाळी ६.१०
इथे बसल्या बसल्या नारीनच्या राउटरचं टिपण ठेवणं बंद केलं. एक कमांड. पन्नास-पन्नास!! उठून नाचलो. एकटाच होतो, पण चांगला नाचलो. सेव्ह नंतर करीन.
एजेंचा नियम: लांबच्या राउटरला हात लावण्याआधी 'दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट हो' असं त्याला सांगून ठेवायचं. चूक झालीच तर सेव्ह न केलेलं सगळं विसरून तो जुन्या पद्धतीवर परत येतो. मी नाही सांगितलं. हे नियम चुका करणाऱ्यांसाठी.

सकाळी ९.३०
बाइकेंना ईमेल. विषय: 'नारीन: ऐतिहासिक सुधारणा'.

संध्याकाळी ७.४०
नारीनकर घरी परतले आणि एकदम सगळे इंटरनेटवर बसले. काय हा प्रतिसाद! प्रोसेसर ९९ टक्के. आधी नुसता बसून खात होता.

७.५५
कमांड मागे घ्यायला (निव्वळ प्रयोग म्हणून) लॉगिन करून पाहिलं. राउटर उत्तर देत नाही. कामात असावा.

८.१०
नारीनहून फोनवर फोन. अख्खं गाव बंद. "पॅकेटं तपासली जाताहेत, धीर धरा," असं सांगितलं. त्यावर एका बाईंनी जे म्हटलं ते इथे लिहिणार नाही.

८.३०
नारीनच्या ऑफिसला कुलूप. किल्ली राखणदार बुरमा-आपाकडे. ती फोन उचलत नाही. उद्या मी स्वतः जातो. चीफनं अशा वेळी पुढे व्हायचं असतं.

गुरुवार, १६ मार्च. मार्शरुत्कात (भाड्याच्या मिनीबसमध्ये)
दोलोन घाटात बर्फ. मांडीवर कुणाचंतरी पोतं. एजेंचा फोन: "रागावत नाही रे, पण रीस्टार्ट का नाही लावलास?" रेंज जातेय म्हणालो. रेंज छान होती.

दुपारी ३. नारीन
राउटर ठणठणीत! आपाला सकाळी चहा करायचा होता. सॉकेट एकच. तिनं राउटरची वायर काढली, किटली लावली, चहा झाल्यावर वायर परत खोचली. राउटर जुन्या पद्धतीवर सुरू. गाव सकाळी आठपासून मजेत. मला कुणी कळवलंसुद्धा नाही. आपा विचारत होती, "एवढ्या बर्फातून आलास, पोरा, काही काम काढलं होतंस?"

शुक्रवार, १७ मार्च
बाइकेंचा फोन. खुर्ची रिकामी होत नाहीये. एजे आणखी वर्षभर थांबताहेत.
लगेच एजेंना फोन लावला. म्हटलं, असं काय करता, नातवाकडे निर्धास्त जा, इथे मी आहे.
"तू आहेस म्हणूनच तिकीट परत केलं रे," त्या म्हणाल्या.
रागानं नाही, मायेनं.