बदला!

प्रिय ताई,

आणि हो, काल फोन मीच कट केला. रेंज वगैरे काही गेली नव्हती. फोनवर तू मला दोन मिनिटांत हसवतेस आणि मग माझा राग कुठे जातो कळतच नाही. म्हणून लिहितेय. कागदावर हसवून दाखव.

तीन वर्षांपूर्वी आपण स्विंगचा क्लास सुरू केला. जुन्या जॅझवर जोडीने नाचायचं म्हटल्यावर पहिल्या दिवशी चारच जण आले, आई धरून! फर्निचरच्या दुकानावरची ती खोली आपण दोघींनी गुडघ्यांवर बसून घासली होती. तेव्हा नियम तूच केलास : सगळे गोलात, आणि दर दीड मिनिटाने तू ओरडणार, “बदला!” की प्रत्येकाने पुढच्या जोडीदाराकडे जायचं. नवरा-बायको असोत नाहीतर बॉस आणि शिपाई. एकट्याने आलेला माणूस एकटा राहायला नको, असं तूच म्हणायचीस ना?

मग माझा पाय मुरगळला, मी फक्त तीन आठवडे घरी बसले, आणि तू नियमच मोडीत काढलास. का, तर दोन कपल्स कुरकुरली. “टेलरकाकांच्या हातांना घाम येतो.” सिरियसली? अगं, दिवसभर इस्त्रीशेजारी उभा राहणारा माणूस आहे तो! आणि तू त्यांना काय म्हणालीस? “काका, तुम्ही आज गाणी लावा.” आज, मग पुढच्या वेळी, मग कायमचंच. पाच महिने एकही क्लास न चुकवलेला माणूस स्पीकरशेजारी स्टुलावर बसून बाकीच्यांचा नाच बघत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती हे ऐकून.

आता ते येतच नाहीत. मी दुकानात गेले तर मशीनवरून मान वर न करता म्हणाले, “माझा ताल कच्चा आहे गं. लोकांचा खोळंबा होतो.” खोटं! त्यांचा ताल माझ्यापेक्षा पक्का आहे. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

खरं सांगू? मी वेगळा क्लास काढलाय. बालवाडीचा हॉल, शनिवारी, आपल्याच वेळेला. काका धरून अकरा जण येतायत, सगळे एकटे. काका नाही-नाही म्हणत शेवटी हो म्हणाले. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मला सांगायचं होतं. पण अकरा म्हणजे एक कमी पडतो, आणि ती जागा मी मुद्दाम कोणाला दिलेली नाही. एक शनिवार तुझा क्लास बंद ठेव आणि ये, पण टीचर म्हणून येऊ नकोस. गोलात उभी राहा, पहिल्या गाण्याला काकांसमोर, आणि आधी त्यांना सॉरी म्हण. येशील? की तुला अजूनही वाटतं, मी राईचा पर्वत करतेय?

तुझीच, अजून रागावलेली,
धाकटी