लेकीचे बिनचूक मेसेज

३ जून, सकाळ
देवापुढे बसून संकल्प केला. आजपासून कुणाचं शुद्धलेखन सुधारायचं नाही. कारण क्षुल्लकच. नोकरीच्या गावाहून मुलीचा मेसेज आला होता. नवी खोली मिळाली, खिडकीतून झाड दिसतं, वगैरे. मी तो फक्त दुरुस्त करून परत पाठवला. ही म्हणाली, "अहो, झाड कसलं ते तरी विचारायचं." झाडाचं काय, कधीही विचारता येतं.

संध्याकाळ
ऑफिसच्या लिफ्टमधल्या सूचनेवर लाल पेन चालवलं. सूचना म्हणजे कुणी माणूस नव्हे. संकल्प शाबूत.

११ जून
मुलीचे मेसेज आटोपशीर झालेत. 'पोचले.' 'जेवले.' विचार करून लिहायला लागली पोर. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी कान पिळायचे, मी तर नुसतं कळवतो.

१९ जून
साहेबांनी माझं टेबल स्टोअर रूममध्ये हलवलं. शिपाई म्हणाला, "साहेब म्हणाले, तिथल्या भिंतींवर काही लिहिलेलं नाही." एकाग्रतेची कदर करणारे वरिष्ठ हल्ली दुर्मीळ.

२७ जून
मुलीकडून आता नुसता अंगठा येतो. अंगठ्यात चूक काढायला जागाच नाही. समाधान वाटलं. ही मात्र आपल्या फोनमध्ये बघून हसत होती. कोण, विचारलं. "शेजारीण," म्हणाली. शेजारीण तेव्हा आमच्याच सोफ्यावर बसलेली. हिचं लक्ष नसतं.

५ जुलै
जिन्यात शेजारणीने विचारलं, "लेक उठली का हो तापातून?" कसला ताप? हिला विचारलं. हिने फोनच हातात दिला. मुलीचे लांबलचक मेसेज, चुकांचा नुसता पाऊस. ताप, डॉक्टर, आईची आठवण. शेवटी लिहिलेलं: बाबांना सांगू नको, ताप राहील बाजूला.
लाल पेन कपाटात ठेवलं. कुलूप लावलं. किल्ली देवाजवळ.

८ जुलै
मुलीला लिहिलं, कसंही लिही, एक अक्षर सुधारणार नाही, शपथ. दुपारी उत्तर आलं. चांगलं लांब. 'प्रिय बाबा, माझी प्रकृती आता उत्तम आहे. कृपया काळजी नसावी.' आनंद झाला. हिला मेसेज दाखवला. ही म्हणाली, "मैत्रिणीकडून तपासून घेतलाय तिने. तुम्हाला पाठवायचा म्हणून."
पुन्हा वाचला. एकही चूक नाही.
शेवटी विचारलं, खिडकीतून दिसतं ते झाड कसलं आहे?
अंगठा आला.