दादाची पांढरी वाईन

रविवार, संध्याकाळ

दादानं फोनवर मला सांगितलं होतं, "फ्रान्सची पांढरी वाईन आणतोय. हलकी हाय, लिंबावानी आंबटसर. आईला म्हण साधा मासा तळ, तिखटात तिची चव मरती." पण आईनं त्याच्यासाठी मटणाचा काळा मसाला कुटलेला. शाळा सोडल्यापासनं मला बोलायचं लई जड जातं. दादाचा निरोप तसाच राहिला.

दुपारी रश्श्यावर दादानं एक घोट घेतला अन् गिलास बाजूला सारला. आई त्या गिलासाकडंच बघत होती.

तो गेल्यावर मी चिलापी मासा तळला. आप्पांनी तुकडा खाल्ला, त्याच गिलासात उरलेली वाईन घेतली. "आता लागतीय की चव."

"म्हंजे माझं मटणच बिघडलं," आई म्हणाली.

मटण बिघडलं न्हाई, तिखटात वाईनचीच चव मरती, एवढं एक वाक्य का निघंना माझ्या तोंडातनं? दादाची गाडी केम स्टेशनाच्या पुढं गेली असंल. गिलास तेवढा धुऊन ठेवला मी.